जुन्या मराठी रेकॉर्ड्स, पदांच्या पुस्तिका, कॅसेटी: जमवायला सुरुवात कशी करायची, पहिल्या रेकॉर्डपासून सगळं

माझ्याकडे नाट्यगीताची एक दहा इंची रेकॉर्ड आहे, दोन्ही बाजू मिळून सहा-साडेसहा मिनिटांचं गाणं. रेकॉर्ड तशी दुर्मिळ नाही, बाजारात अजूनही सापडते. पण तिच्या खाकी पाकिटावर निळ्या शाईत लिहिलंय "चि. सौ. ताईस, भाऊबीज" आणि खाली सांगलीच्या एका दुकानाचा जांभळा रबरी शिक्का आहे. कोण ताई, कोण भाऊ, काहीच माहीत नाही. पण कोणा भावाने त्या वर्षी ओवाळणीच्या ताटात गाणं ठेवलं होतं, आणि ते आज माझ्या कपाटात आहे. तेच गाणं मोबाईलवर लगेच ऐकता येतं, मीही ऐकतो, पण ही शाई आणि हा शिक्का तिथे नाही. मला जमवण्यातला आनंद विचाराल तर तो इथे आहे, आणि खाली जे काही सांगतोय ते हे सगळं नीट टिकावं आणि नीट ऐकता यावं यासाठी.

बरेच जण विचारतात की आवड तर आहे पण सुरुवात कुठून करू, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढतोय. मी मुख्यतः मराठी नाट्यसंगीत आणि भावगीतं जमवतो त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील, पण जपणूक वगैरे सगळ्याच रेकॉर्ड्सना लागू आहे.

आधी ठरवा, काय जमवायचं

ही पायरी सगळे गाळतात आणि वर्षभरात घरात दोनशे रेकॉर्ड्स होतात ज्यातल्या दीडशे कधी वाजतच नाहीत. जुनं दिसलं की उचललं असं करू नका. एक धागा पकडा. एकच गायक किंवा गायिका घ्या, हिराबाई बडोदेकर, मास्टर दीनानाथ, माणिक वर्मा, ज्योत्स्ना भोळे, ज्यांचा आवाज ऐकून तुम्ही हातातलं काम थांबवता ते. किंवा एकच संगीतकार, म्हणजे समजा अभिषेकीबुवांची नाटकं, 'कट्यार काळजात घुसली' १९६७ चं, त्याच्या आगेमागे त्यांनी केलेली बाकीची नाटकं, एवढ्यातच कितीतरी वर्षं जातील. मला सगळ्यात मजा येते ती एकच नाट्यपद वेगवेगळ्या आवाजांत जमवण्यात. 'मानापमान' १९११ चं नाटक, 'स्वयंवर' १९१६ चं, त्यांतली पदं पुढच्या किती पिढ्यांनी गायली, तीच चाल प्रत्येकाच्या गळ्यात कुठे वळते हे लागोपाठ ऐकायला मिळालं की एका बैठकीत जे कळतं ते पुस्तकं वाचून कळत नाही.

धागा नंतर बदलला तरी चालतो. पण बाजारात जाताना डोक्यात एक नाव असू द्या.

हातात काय आलंय ते ओळखा

७८ म्हणजे मिनिटाला ७८ फेरे, लाखेची, जड, पडली की फुटते. दहा इंचीत एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, बारा इंचीत चारच्या आसपास. भारतात १९०२ साली गौहरजानचं गाणं कलकत्त्यात मुद्रित झालं तिथून आपल्याकडे हा प्रकार सुरू झाला आणि १९६० च्या दशकातही ७८ निघतच होत्या, त्यामुळे ७८ दिसली म्हणजे शंभर वर्षं जुनी असा समज करून घेऊ नका. अगदी सुरुवातीच्या रेकॉर्ड्स एकाच बाजूने भरलेल्या असत, मागची बाजू कोरी, आणि गाणं संपताना कलाकार स्वतःचं नाव सांगतो. या तीन मिनिटांचं भान कायम ठेवा. बालगंधर्व रंगभूमीवर एकेक पद वन्समोअर घेत घेत कितीतरी वेळ गायचे, रेकॉर्डवर आपल्याला मिळतो तो त्याचा तीन मिनिटांत बसवलेला अर्क. म्हणून रेकॉर्ड ऐकून "एवढंच?" असं वाटलं तर जरा थांबा, ती एकेक तान किती मोजून ठेवलीय ते ऐका.

ईपी म्हणजे सात इंची, ४५ फेऱ्यांची, साधारण चार गाणी. भावगीतांसाठी आणि नाटकांच्या पदांसाठी सुरुवात करायला हीच उत्तम, हलकी, न फुटणारी, कव्हरवर सुंदर फोटो. एलपी बारा इंची, ३३ फेऱ्यांची, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. जुन्या ७८ वरची गाजलेली नाट्यपदं पुढे एलपीवर परत निघाली, तेव्हा फक्त ऐकायचं असेल तर आधी एलपीच घ्या, ७८ च्या मागे नंतर लागा.

लेबलवर कंपनीचं नाव, नंबर, कलाकार, पुष्कळदा राग-ताल असतो. एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन अशी वेगवेगळी नावं दिसली तरी १९३१ नंतर ही सगळी एकाच मोठ्या घराण्यातली भावंडं झाली. यंग इंडिया मात्र वेगळी, मुंबईची, १९३५ च्या सुमारास सुरू झालेली देशी कंपनी, तिने कितीतरी नवख्या गायकांना संधी दिली, म्हणून त्या लेबलवर अनोळखी नाव दिसलं तर मी सोडत नाही. एचएमव्हीच्या शास्त्रीय एलपीचा नंबर ईएएलपीने सुरू झाला तर मोनो आणि ईएएसडी असेल तर स्टिरिओ. लेबलच्या कडेला गुळगुळीत पट्टीवर खरवडलेला एक नंबर असतो तोही उतरवून घ्या, एकच गाणं दोनदा मुद्रित झालं असेल तर फरक तिथेच कळतो.

एक गोंधळ नेहमी होतो तो गीतरामायणाचा. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर जी ५६ गीतं झाली ती अनेक गायकांच्या आवाजात होती, आणि नंतर निघालेला रेकॉर्ड्सचा संच बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या आवाजातला. आईने रेडिओवर ऐकलेलं या संचात शोधू नका, आणि हा संच मिळाला तर सगळ्या रेकॉर्ड्स एकत्र ठेवा, सुट्या विकू नका, प्लीज.

शोधायचं कुठे

पुण्यात जुना बाजार, रविवार आणि बुधवार, सकाळी लवकर. मुंबईत चोरबाजार, मटण स्ट्रीट, शुक्रवारी दुकानं बंद असतात हे लक्षात ठेवून जा. ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्ड्सचं दुकान २०१६ ला बंद झालं तेव्हा काळा घोड्याला जायचं एक कारणच गेलं माझं. पण खरं सांगायचं तर माझा निम्मा संग्रह बाजारातून नाही, रद्दीवाल्यांकडून आणि घरांमधून आलाय. गल्लीतल्या रद्दीवाल्या काकांना नंबर देऊन ठेवा, "काका, रेकॉर्डी, कॅसेटी, नाटकाची जुनी पुस्तकं आली की तोडायच्या आधी मला एक फोन करा" एवढं सांगा, आणि ते फोन करतील तेव्हा जा, दोनदा गेला नाहीत तर तिसऱ्यांदा फोन येणार नाही. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली की माळे रिकामे होतात, त्या महिन्यात सोसायटीत ओळखी ठेवा.

कोणाच्या घरी जाल तेव्हा भावाची घाई करू नका. आजी-आजोबा असतील तर आधी बसा, चहा घ्या, रेकॉर्ड कोणी आणली, कधी वाजायची ते विचारा आणि लिहून घ्या. कागद द्यायचा नसेल तर तिथेच फोटो काढून परत द्या. मिरजेत एका काकूंनी मला रेकॉर्ड्स दिल्या नाहीत, पण प्रत्येक रेकॉर्डची गोष्ट सांगितली, दोन तास, आणि ती वही मला कुठल्याही रेकॉर्डपेक्षा कमी वाटत नाही.

हे गंभीरपणे करायचं असेल तर मुंबईत १९९० साली सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था माहीत असायला हवी, जुन्या ध्वनिमुद्रिकांबद्दल त्यांनी जे छापलंय ते मिळेल तिथे वाचा.

पैसे द्यायच्या आधी तपासा

रेकॉर्ड उजेडाकडे तिरकी धरा, डोक्यावरच्या ट्यूबखाली सरळ धरून काही दिसत नाही. खाचा काळ्याभोर चमकत असतील तर उत्तम. राखाडी, मळकट दिसत असतील आणि पुसूनही तशाच राहिल्या तर जुन्या स्टीलच्या सुयांनी खाचा खाल्ल्यात, ती रेकॉर्ड धुऊन सुधारणार नाही. बारीक चरे चालतात. नखाला लागणारा चरा असेल तर तिथे टकटक येणार किंवा सुई अडकणार. ७८ ला केसासारखी चीर शोधा, कडेपासून आत जाणारी, मधल्या भोकात बोट घालून रेकॉर्ड लटकती धरा आणि नखाने हळूच वाजवा, माठ घेताना वाजवतो तसं, चीर असेल तर आवाज बसका येतो. कडेचा टवका उडाला असेल पण खाचांपर्यंत पोचला नसेल तर बिनधास्त घ्या. एलपी डोळ्यांच्या रेषेत धरून बघा, पापडासारखी वाकलीय का. आणि कव्हरमध्ये हात घालून आतली रेकॉर्ड तीच आहे ना ते बघा, मी हे न बघता एकदा घरी बँडबाज्याची रेकॉर्ड घेऊन आलोय.

ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याला तिरक्या उजेडातला फोटो आणि वाजवतानाचा छोटा व्हिडिओ मागा. ७८ पोस्टाने येणार असेल तर सांगून ठेवा की दोन्ही बाजूंना रेकॉर्डपेक्षा मोठा जाड पुठ्ठा, त्यावर बबल रॅप, मग खोका, आणि खोक्यात काही हलता कामा नये. एकदा माझ्याकडे एक पार्सल आलं, उचललं तर आतून खुळखुळ आवाज. उघडायच्या आधीच कळलं. तीन तुकडे. ते मी टाकले नाहीत, लेबल वाचता येतंय अजून.

वाजवायचं कशावर

हँडल फिरवायच्या कर्ण्याच्या ग्रामोफोनवर फक्त ७८ वाजवा, तीही जिची खरखर तुम्हाला चालेल अशी, आणि स्टीलची सुई दर बाजूला नवी. एलपी किंवा ईपी त्यावर चुकूनही ठेवू नका, एका फेरीत खाच नांगरली जाते.

घरात एचएमव्हीचा जुना फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर असेल तर छान, अशा जुन्या प्लेअरांत बहुतेक वेळा सुईला एक छोटी कळ असते, एका बाजूला ७८ ची सुई आणि दुसऱ्या बाजूला एलपीची. ती फिरवायला विसरू नका. ७८ च्या खाचेला साधारण ७५ मायक्रॉनची जाड सुई लागते आणि एलपीला १८ च्या आसपासची बारीक. बारीक सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाला घासत जाते, मग खरखरच जास्त येते आणि लोक म्हणतात रेकॉर्ड खराब आहे.

नवा टर्नटेबल घेणार असाल तर आधी बघा की त्यावर ७८ चा स्पीड आहे का, पुष्कळ मॉडेल्सवर नसतो. सुईचा भार कमी-जास्त करता यायला हवा, चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या भागाला, दीड ते तीन ग्रॅम पुरतात. स्वस्त सुटकेस प्लेअर दिसायला गोड असतात पण भार जास्त, चांगल्या एलपीसाठी मी ते वापरणार नाही.

स्पीडबद्दल एक गोष्ट गाणं शिकलेल्यांनी नीट ऐकावी. ७८ ची रेकॉर्ड ८० ने फिरली तरी स्वर जवळजवळ पाव स्वराने चढतो आणि आवाज बारीक होतो. सुरुवातीच्या काळात तर मुद्रणाचा स्पीडच पक्का ७८ नसायचा. म्हणून पेटी जवळ घेऊन बसा, साथीच्या ऑर्गनची पट्टी लावून बघा, दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी येत असेल तर स्पीड चुकलाय असं समजा. मी एका गायिकेचा आवाज वर्षभर किनरा समजत होतो, स्पीड उतरवला आणि तो आवाज असा भरून आला की मी ती बाजू सलग पाच वेळा लावली.

धुणं, आणि इथे घाई नको

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: ७८ ला स्पिरिट, सॅनिटायझर, अल्कोहोल असलेलं काहीही लावायचं नाही. मी लावलंय. सुरुवातीला, प्रथमोपचाराच्या डब्यातलं स्पिरिट कापसावर घेऊन एक नाट्यगीताची रेकॉर्ड पुसली, कापूस काळा झाला, मला वाटलं वा, किती घाण निघतेय. ती घाण नव्हती, ते गाणं होतं. रेकॉर्ड लाखेची, आणि सुतार फ्रेंच पॉलिश बनवताना लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात हे मला तेव्हा सुचलंच नाही. त्या बाजूवर आता नुसती सळसळ आहे, आणि अजून ती रेकॉर्ड हातात आली की वाईट वाटतं.

आता मी असं करतो. आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडायची, नाहीतर ओली धूळ खाचेत चिखल होऊन बसते. मग अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब, दोन नाही. नळाचं पाणी नको, क्षार राहतात. ओट्यावर जाड टॉवेल पसरून त्यावर रेकॉर्ड, लेबलवर प्लास्टिकचं गोल झाकण दाबून धरायचं म्हणजे लेबल भिजत नाही. लहान बाळाच्या केसांचा ब्रश असतो ना, तसा मऊ ब्रश ओला करून खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने साबण काढायचा, जुन्या धोतराच्या मऊ सुती कापडाने टिपायचं, आणि भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी करून पंख्याखाली वाळवायची, उन्हात नाही. चीर गेलेली रेकॉर्ड पाण्यात घालू नका, काहींच्या आत कागदाचा थर असतो आणि तो फुगतो, तिला नुसता ओलसर बोळा फिरवा. एलपीलाही हीच पद्धत चालते. एका बैठकीत पाच-सहाच धुवा, त्यानंतर हात दमतो आणि चुका होतात.

ठेवायचं कसं

उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या, एकावर एक रचू नका. फार घट्ट नाही आणि कलतील इतक्या सैलही नाही, फूटभर अंतरावर फळीला आडोसा द्या. शंभर एलपी म्हणजे कव्हरसकट पंचवीसेक किलो, ७८ त्याहून जड, तेव्हा फळी आधी मजबूत करून घ्या. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवल्या तर मे महिन्यात एलपी वाकणार. मुंबई आणि कोकणात, गोव्यात, खरी भीती पावसाळ्याची, पाकिटाला बुरशी धरली की ती रेकॉर्डवर उतरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, दर पंधरा दिवसांनी दार उघडून हवा खेळू द्या. डांबराच्या गोळ्या प्लास्टिकजवळ नकोत. जुनी मूळ पाकिटं फाटली असली तरी टाकू नका, रेकॉर्डला नवं पाकीट द्या आणि जुनं त्याच्या मागे ठेवा. दुकानांचे शिक्के त्याच्यावरच असतात, आणि माझी ताईची रेकॉर्ड मी नव्या पाकिटात घालून ते खाकी पाकीट फेकलं असतं तर मग माझ्याकडे काय राहिलं असतं?

कागद: पुस्तिका, हँडबिलं, तिकिटं

नाटकाच्या पदांच्या पुस्तिका, चित्रपटांच्या गाण्यांच्या चोपड्या, कंपन्यांच्या नव्या रेकॉर्ड्सच्या याद्या, हँडबिलं, सवाई गंधर्व महोत्सवाची जुनी तिकिटं, हे सगळं रेकॉर्ड्सइतकंच जमवण्यासारखं आहे आणि जागाही कमी लागते. पदांच्या जुन्या पुस्तिकेत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' लिहिलेली असते, म्हणजे कुठल्या मूळ चिजेवर, ठुमरीवर किंवा आधीच्या पदावर ही चाल बांधली ते. रेकॉर्ड लावायची, पुस्तिका उघडायची, आणि ती मूळ चीज कोणी गायलीय का ते शोधायचं, असे माझे कित्येक रविवार गेलेत.

गंजलेल्या पिना बोथट सुरीने हळूच उघडून काढा आणि जागी पांढरा दोरा ओवा. सेलोटेप लावू नका, पिवळा पडून कागद खातो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत काढता येत नाही. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या चिकटणाऱ्या पिशव्या टाळा, वर्षातून दोनदा कसर लागलीय का बघा. कलाकाराची सही मिळाली असेल तर कुठे, कधी, कोणासमोर, हे वेगळ्या कागदावर त्याच दिवशी लिहून बरोबर ठेवा, नाहीतर वीस वर्षांनी तुमचाही विश्वास बसणार नाही.

घरच्या कॅसेटी

कंपनीच्या कॅसेटी दुसऱ्या कोणाकडे तरी असतीलच. पण रेडिओवरून टेप केलेल्या, गावातल्या गणेशोत्सवातल्या गाण्याच्या, आजी जात्यावरच्या ओव्या म्हणतेय अशा कॅसेटींची दुसरी प्रत जगात नाही. संग्रहात सगळ्यात आधी वाचवायचं ते हे. वाजवायच्या आधी वरचे दोन छोटे कान मोडलेत का बघा, नसतील तर मोडा, म्हणजे चुकून पुसलं जाणार नाही. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालू नका, ती हेडवर जाते आणि पुढच्या कॅसेटीला लागते. आतला स्पंजचा छोटा तुकडा गळून पडलेला असतो, पाच स्क्रूचं खोकं असेल तर टेप नव्या खोक्यात बसवता येते. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या.

वही आणि कॉपी

प्रत्येक वस्तूची नोंद: नंबर, कलाकार, लेबल, कुठून आली, कोणाची होती, किती दिले, पाकिटावर काय लिहिलंय. साधी वही पुरते, पण लिहा त्याच दिवशी. डिजिटल कॉपी करताना ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. खरखर काढायची असेल तर दुसऱ्या प्रतीत काढा, मूळ तशीच राहू द्या. जोरात खरखर काढली की आवाजाचा श्वासही जातो.

सगळ्यांसाठी अपलोड करण्याआधी एवढं बघा: आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, आणि शब्द-संगीतावरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. 'मानापमान', 'स्वयंवर' लिहिणारे खाडिलकर १९४८ ला गेले, त्यांची पदं मोकळी झाली. गीतरामायण लिहिणारे गदिमा १९७७ ला गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे, रेकॉर्ड कितीही जुनी असली तरी.

आणि मग ऐका, चौघांना बोलावून

महिन्यातून एक संध्याकाळ ठेवा. जास्त माणसं नकोत, चार-पाच, त्यात एक तरी सत्तरीच्या पुढचं. ७८ च्या सहा बाजू खूप झाल्या, प्रत्येकीआधी वहीतली नोंद वाचून दाखवा, पुस्तिका हातोहात फिरू द्या, चहा मात्र दुसऱ्या टेबलावर. माझ्याकडे ती भाऊबिजेची रेकॉर्ड दर वेळी लागते, आणि दर वेळी कोणीतरी "सांगलीचं कुठलं हो दुकान?" म्हणून पाकीट चष्म्याजवळ नेतं. आणि एकाला प्लेअरजवळ बसवा, जुन्या प्लेअरवर सुई आपोआप उचलली जाईलच असं नाही, गाणं संपलं की ती लेबलकडे सरकत जाते, त्याआधी हात पोचायला हवा.